शून्य भावात घेतलेले ४० लॉट: ट्रेडिंग स्क्रीन बनवणाऱ्यांना खुलं पत्र

मंडळी, नमस्कार.

हे पत्र फ्युचर्सच्या (पुढच्या तारखेच्या मालाचे आजच होणारे सौदे) ट्रेडिंग स्क्रीन बनवणाऱ्या सगळ्यांना आहे. ऑर्डर एन्ट्रीची खिडकी लिहिणारे, रिस्क चेक लिहिणारे, पोझिशनचा (कोणाच्या नावावर किती सौदे उभे आहेत त्याचा) हिशोब करणारे, टेस्टिंगवाले, आणि "पुढच्या रिलीजला बघू" म्हणणारे प्रॉडक्ट मॅनेजर पण. तुमच्यातले बरेच जण हिंजवडी, बाणेर, खराडी नाहीतर पवईला बसता. मी तुमच्याच सॉफ्टवेअरच्या पलीकडे बसते, पुण्यातच, नाईट शिफ्टला, परदेशातल्या फ्युचर्स ट्रेडर्सच्या सपोर्ट डेस्कवर. ऑर्डर अडकली, फिल (सौदा झाल्याची पोच) दिसेना, पोझिशन जुळेना, की पहिला फोन मला. स्वतःचं नाव लिहीत नाही कारण नोकरी टिकवायचीय, आणि कुठल्या सॉफ्टवेअरचं नाव लिहीत नाही कारण हे एकाच्याच घरचं दुखणं नाहीये, थोड्याफार फरकाने तीन ठिकाणी तेच बघितलंय.

विषय टास. ट्रेड ॲट सेटलमेंट, म्हणजे एक्सचेंज दिवसाचा जो अधिकृत भाव काढतं, सेटलमेंट, त्या भावाने आधीच करून ठेवलेला सौदा. तुमच्यापैकी कोणाकोणाच्या हातात याचं टिकीट आलं असेल आणि "अजून एक सिम्बॉल ॲड करायचाय, एवढंच ना" म्हणून दोन दिवसांत बंद पण केलं असेल. माझं सगळं भांडण त्या "एवढंच"शी आहे.

आधी किस्सा. उन्हाळ्यातली रात्र, अकरा वाजून गेलेले, एका ट्रेडरचा फोन. घाबरलेला वगैरे नाही, उलट हसतोय. म्हणे माझी स्क्रीन बघ जरा, मी श्रीमंत झालोय. बघितलं तर खरंच, न्यूयॉर्कच्या क्रूडमध्ये, म्हणजे कच्च्या तेलात, ३१,३६,००० डॉलर प्रॉफिट, हिरव्यागार आकड्यात. त्याने केलं काय होतं, तर टासमध्ये ४० लॉट घेतले होते शून्याला. शून्याला म्हणजे सेटलमेंटला जो भाव निघेल तोच, वर काही नाही, खाली काही नाही. सॉफ्टवेअरने मात्र सरळ समजून घेतलं की गड्याने ४० लॉट फुकट उचललेत, बाजारात भाव चाललाय ७८.४०, एका लॉटमध्ये १,००० बॅरल, करा गुणाकार. गुणाकार अगदी बरोबर होता.

तो बाय होता म्हणून हसण्यावारी गेलं. तीनेक आठवड्यांनी दुसऱ्या डेस्कवर सेल निघाला, २५ लॉट, एक टिक (भावाची सगळ्यात लहान पायरी) खाली, म्हणजे उणे ०.०१ ला. तोच गुणाकार आता लाल रंगात, १९,६०,२५० डॉलर लॉस. त्या अकाउंटची दिवसाची लॉस लिमिट याच्या पासंगालाही पुरणारी नव्हती, त्यामुळे ऑटो लॉकने अकाउंट बंद करून टाकलं, रात्री ११:४१ ला. सेटलमेंटची खिडकी उघडायला १७ मिनिटं, बाकीच्या ऑर्डर्स बाजारात तशाच उभ्या, कॅन्सल होईनात, नवीन जाईनात, आणि मी शिकागोच्या रिस्कवाल्याला फोन लावतेय तर तो जेवायला गेलेला, त्यांची दुपार ना ती. दुसऱ्या दिवशी कोणीतरी मेलमध्ये कारण लिहिलं, ॲबनॉर्मल मार्केट कंडिशन्स. बाजार त्या दिवशी झोपा काढत होता हो.

आता मूळ गोष्ट. माझे मामा लातूरकडचे. सोयाबीन आडतीवर टाकताना कधी कधी ते भाव ठरवतच नाहीत, "आज सौद्यात जो निघेल तो, वर क्विंटलला १० रुपये" एवढं बोलणं होतं आणि पोती उतरतात. व्यवहार झाला का, तर झाला. भाव ठरला का, तर नाही. आडत्याच्या वहीत मामांच्या नावापुढे पोती लिहिलेली असतात, भावाचा रकाना कोरा, आणि बाजूला बारीक अक्षरात "+१०". संध्याकाळी सौद्याचा भाव कळला की मुनीम तो रकाना भरतो. आजवर एकाही मुनिमाने तिथे १० लिहून मामांचं सोयाबीन १० रुपये क्विंटलने गेलं असा हिशोब मांडलेला नाही. आपली सॉफ्टवेअर्स नेमकं तेच करतात. फरक उचलून भावाच्या रकान्यात भरतात, आणि त्यापुढचा सगळा कोड, मार्जिन (सौद्यामागे ठेवायची अनामत) म्हणा, एमटीएम (चालू भावाने काढलेला नफा-तोटा) म्हणा, रिपोर्ट म्हणा, त्या फरकाला भाव समजून चालत राहतो.

नायमेक्सचं, म्हणजे न्यूयॉर्कच्या एक्सचेंजचं, क्रूड घेते कारण मी रोज तेच बघते. मूळ फ्युचर सीएल, त्याच्या टासचा सिम्बॉल वेगळा, सीएलटी. सीएलटीत बोली लागते ती फक्त फरकाची, शून्य नाहीतर वर-खाली जास्तीत जास्त १० टिक, एक टिक एका सेंटचा, लॉटमागे १० डॉलर. न्यूयॉर्कच्या दुपारी २:२८ ते २:३० या दोन मिनिटांत चालू महिन्याच्या सीएलमध्ये जे सौदे होतात त्यांच्या व्हीवॅपवर (सौद्यांच्या आकाराप्रमाणे वजन दिलेल्या सरासरीवर) सेटलमेंट निघते, त्यात तुमचा फरक मिळवला की तुमचा भाव. आणि पदरात पोझिशन पडते ती सीएलची. क्लिअरिंगच्या वहीत सीएलटी नावाचं काही शिल्लक राहत नाही. ब्रेंट या दुसऱ्या कच्च्या तेलाला आयसीई एक्सचेंजवर असाच प्रकार आहे, शेअरच्या इंडेक्सला सीएमई या शिकागोच्या एक्सचेंजवर बीटीआयसी म्हणून चुलतभाऊ आहे ज्यात इंडेक्सच्या क्लोजवर फरक लावतात.

हे असलं काही कोणाला लागतं असं एका नव्या टेस्टरने मला विचारलं होतं, चांगला प्रश्न होता. ज्या फंडाची एनएव्ही (एका युनिटची किंमत) सेटलमेंटच्या भावाने निघते त्याला बरोबर त्याच भावाने माल हवा असतो, पाच सेंट इकडे नाही तिकडे नाही. ज्या रिफायनरीचं खरेदीचं करारपत्र नायमेक्सच्या सेटलमेंटला बांधलेलं आहे तिचंही तेच. हे लोक ती दोन मिनिटं माऊस हातात धरून बसण्यापेक्षा सकाळीच टासमध्ये ऑर्डर लावून मोकळे होतात. म्हणजे कोपऱ्यात पडलेलं, कोणी वापरत नसलेलं फीचर म्हणून याच्याकडे बघू नका, मोठे पैसे इथूनच जातात.

बरं, शून्याचा घोळ फक्त प्रॉफिट-लॉसपुरता थांबत असता तरी चाललं असतं. पण आपल्याकडे कोडमध्ये शून्य या आकड्याला फार जुनं वळण लागलेलंय, शून्य म्हणजे भाव भरलाच नाही, शून्य म्हणजे मार्केट ऑर्डर, शून्य म्हणजे काहीतरी चुकलंय, आणि हे तीन अर्थ तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेगवेगळ्या फायलींत लिहून ठेवलेले असतात. म्हणून एका स्क्रीनवर टासची शून्याची ऑर्डर "प्राइस मँडेटरी" म्हणून परत यायची, उणे ०.०१ ची मात्र जायची. ट्रेडर लोक हुशार, त्यांनी शून्याऐवजी एक टिक देऊन काम चालवायला सुरुवात केली. एक टिक म्हणजे लॉटला १० डॉलर, रोजचे १०० लॉट धरा, महिन्याचा हिशोब तुम्हीच करा, तुमच्या एका "इफ"ची किंमत आहे ती.

दुसऱ्या एका ठिकाणी फॅट फिंगरचा, म्हणजे चुकून भलताच आकडा दाबला तर अडवणारा, चेक होता, भाव लास्ट ट्रेडेड प्राइसच्या ५ टक्क्यांबाहेर गेला की रिजेक्ट. आता ७८ च्या बाजारात शून्य कुठल्या ५ टक्क्यांत बसणार? टासची प्रत्येक ऑर्डर रिजेक्ट. मग कोणीतरी वैतागून सीएलटीपुरता तो चेकच काढून टाकला, आणि काढताना क्वांटिटीचा चेक पण त्याच फंक्शनमध्ये होता तो सुद्धा गेला. हे कळलं कधी, तर एकाने ५० च्या जागी ५०० टाकले तेव्हा. टासला चेक नको असं कोणी म्हणत नाहीये, त्याला त्याचा चेक द्या, फरक १० टिकच्या आत आहे का, क्वांटिटी लिमिटमध्ये आहे का, आणि मार्जिनला किंमत लागत असेल तर मूळ सीएलचा भाव घ्या, शून्याशी गुणून मार्जिन शून्य आलं म्हणून खूश होऊ नका.

आणि एक बारकी गोष्ट, वाचून हसाल. मोबाईलच्या लेआउटमध्ये सिम्बॉलचा कॉलम अरुंद, त्यामुळे शेवटचं टी अक्षर कापलं जायचं. दोन ओळी एकाखाली एक, दोन्ही सीएल, पुढे महिना. ट्रेडरला टासमध्ये शून्याला सेल टाकायचा होता, बोट पडलं वरच्या ओळीवर, म्हणजे सीएल शून्य डॉलरला विकायची ऑर्डर निघाली. एक्सचेंजच्या प्राइस बँडने ती परत पाठवली म्हणून सगळे वाचलो. कॉलम किती पिक्सेलचा ठेवायचा ही डिझाईनवाल्यांची गोष्ट, त्यात मी बोलत नाही, पण टासची ओळ रंगाने, पार्श्वभूमीने, कशाने तरी वेगळी दिसू दे, आणि भावाच्या जागी नुसतं "०" न दिसता "सेटल +०" असं काहीतरी दिसू दे.

आता घड्याळ. याची मजा फक्त आपल्याकडे बसलेल्यांनाच कळते. न्यूयॉर्कची २:२८ ते २:३० म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात आपली रात्री ११:५८ ते १२:००. बरोबर मध्यरात्री खिडकी बंद आणि तारीख बदलते! फिल आलेलं असतं १४ तारखेला रात्री नऊला, त्याचा भाव ठरतो १५ तारीख लागल्यावर, आणि ज्या रिपोर्टने भारतीय तारखेवर ग्रुपिंग केलंय तो बिचारा अर्धा ट्रेड काल दाखवतो, अर्धा आज. पहिल्या वर्षी मी रोज सकाळी एक्सेलमध्ये हे दोन तुकडे हाताने शिवायचे. ट्रेड डेट एक्सचेंजची ठेवा हो, पुण्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची नको. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की तीच खिडकी आपल्या १२:५८ ते १:०० ला येते, मार्चच्या दुसऱ्या रविवारी परत ११:५८ ला. वर्षातून दोनदा त्या सोमवारी माझ्याकडे हमखास फोन येतात कारण कोणीतरी कटऑफची वेळ आयएसटीमध्ये हार्डकोड केलेली असते. टास २:३० ला बंद होतं, त्यानंतर ऑर्डर घ्यायची नाही, हे न्यूयॉर्कच्या वेळेत लिहा, एवढं साधं आहे.

यापुढचं जरा नीट वाचा, कारण इथे पैसे जातात आणि कधी कधी लोक कोर्टातही जातात.

समजा एकाने टासमध्ये ५० लॉट घेतले आणि तेवढेच ५० लॉट सीएलमध्ये ७८.४० ला विकले. तुमच्या स्क्रीनवर दोन प्रकार बघितलेत मी. एक स्क्रीन दोन वेगळ्या पोझिशन दाखवते, सीएलटी लाँग (घेतलेले) ५०, सीएल शॉर्ट (विकलेले) ५०, आणि दोन्हीवर पूर्ण मार्जिन लावते. दुसरी जास्त शहाणी, तिला माहितीये की दोन्ही शेवटी सीएलच होणार, म्हणून ती वजाबाकी करून पोझिशन ० दाखवते, रिस्क ०, सगळं शांत. मला दुसरीची जास्त भीती वाटते. कारण सेटलमेंट निघेपर्यंत हा माणूस शांत नाहीये, तो पूर्ण ५० लॉट शॉर्ट आहे. विकलेल्या मालाचा भाव ठरलाय, घेतलेल्याचा ठरायचाय. ११:५८ ला क्रूड एक डॉलर वर गेलं आणि तिथेच राहिलं तर ५०,००० डॉलर गेले, आणि स्क्रीन शेवटपर्यंत शून्यच म्हणत राहणार. त्या दोन मिनिटांत भाव जसजसा ठरत जातो तसतशी ती शॉर्ट पोझिशन विरघळत जाते. लॉटची गिनती शून्य असणं आणि जोखीम शून्य असणं यात जे अंतर आहे ते टासमध्येच सगळ्यात उघडं पडतं.

आणि याच अंतरात बदमाशीला जागा आहे. टासमध्ये भरपूर घ्यायचं, मग क्लोजच्या आधी आणि त्या खिडकीत सीएल दणादण विकायचं, सेटलमेंट खाली दाबायची, म्हणजे टासमधला आपलाच माल स्वस्तात पडतो. याला तिकडे बँगिंग द क्लोज म्हणतात. मार्च २००७ मध्ये ऑप्टिव्हर या ट्रेडिंग कंपनीने नायमेक्सच्या क्रूड, हीटिंग ऑइल आणि गॅसोलिनमध्ये हेच केलं असा सीएफटीसीचा, म्हणजे तिकडच्या वायदेबाजाराच्या नियामकाचा, आरोप होता, केस २००८ ला टाकली, २०१२ ला १.४ कोटी डॉलरवर मिटली. मला त्यातला कायदा समजत नाही पण एवढं समजतं की असं करणारा आणि साधं हेजिंग (भाव बदलण्याच्या धोक्यापासून बचाव) करणारा, दोघं वजाबाकी करणाऱ्या स्क्रीनवर सारखेच दिसतात, शून्य. कंप्लायन्सच्या माणसाला बघायचं झालं तर टासमध्ये किती अडकलंय आणि खिडकीत विरुद्ध बाजूला किती वाजवलंय हे शेजारी शेजारी दिसायला हवं, तुम्ही ते आधीच वजा करून पुसून टाकता.

आपल्याकडे हा विषय परका आहे असं वाटत असेल तर जरा थांबा. सेबीने ३ जुलै २०२५ ला जेन स्ट्रीट या अमेरिकन ट्रेडिंग कंपनीवर जो अंतरिम आदेश काढला, ४,८४३ कोटी जप्त करायला सांगितलेला, त्यात एक्सटेंडेड मार्किंग द क्लोज हाच शब्द आहे, एक्स्पायरीच्या (सौद्यांची मुदत संपायच्या) दिवशी इंडेक्स कुठे बंद होतो त्यावरचा. कंपनीने आरोप नाकारलेत, त्यात मी पडत नाही. पण इंडेक्सचा एक्स्पायरीचा भाव शेवटच्या अर्ध्या तासाच्या सरासरीवर निघतो, म्हणजे तिथेही भाव हळूहळू ठरत असतो आणि पोझिशन हळूहळू विरघळत असते, आणि बहुतेक रिटेल ॲप्स शेवटच्या सेकंदापर्यंत लास्ट प्राइसवरच प्रॉफिट नाचवत असतात. कॅश मार्केटच्या पोस्ट क्लोज सेशनला टास समजणारे पण भेटलेत मला. ते वेगळं, तिथे क्लोजचा भाव आधीच ठरलेला असतो, तुम्ही त्या भावाने घेता फक्त. टासची सगळी गंमत भाव ठरायच्या आधी हात मिळवण्यात आहे.

आपल्याकडच्या एमसीएक्स या कमोडिटी एक्सचेंजचं क्रूड तर बघाच. तिथे टासची ऑर्डर टाकायची गरजच नाही, एक्स्पायरीला जो पोझिशन धरून राहिला तो आपोआप त्याच अवस्थेत जातो. आपला बाजार उन्हाळ्यात ११:३० ला बंद, शेवटचा भाव मात्र आपल्या मध्यरात्री निघणाऱ्या न्यूयॉर्कच्या सेटलमेंटवरून रुपयात करून निघणार. अर्धा तास त्या माणसाकडे ना भाव ना दरवाजा. हिवाळ्यात तर ११:५५ ते १, तासाच्या वर. आणि ॲपवर काय दिसतं, तर ११:३० चा लास्ट प्राइस, जणू तोच फायनल.

हा गॅप काय करू शकतो ते मी २० एप्रिल २०२० ला बघितलं, सोमवार होता. तेव्हा मी मुंबईच्या एका ब्रोकरच्या बॅक ऑफिसला होते, लॉकडाऊन, डायनिंग टेबलवर लॅपटॉप, शेजारी सासूबाई कुकर लावतायत. लॉकडाऊनमुळे कमोडिटी बाजार संध्याकाळी ५ लाच बंद व्हायचा. एप्रिलचं क्रूड ९६५ रुपयांवर बंद झालं, त्याच दिवशी एक्स्पायरी, म्हणजे न्यूयॉर्कची सेटलमेंट निघायला अजून ७ तास. शुक्रवारी तिकडे मे महिन्याचा भाव, ज्यावरून आपल्या एप्रिलचा निघणार होता तो, १८.२७ डॉलर होता. रात्री साडेअकराच्या पुढे तो शून्याखाली गेला तेव्हा मला वाटलं फीड खराब झालाय, मी दोनदा रिफ्रेश केलं. सेटलमेंट निघाली उणे ३७.६३. इकडे आधी तात्पुरता भाव १ रुपया जाहीर झाला, नंतर फायनल आला उणे २,८८४ रुपये. एका लॉटमध्ये १०० बॅरल. पाचला ज्याच्या हातात ९६,५०० रुपयांचा एक लॉट होता त्याला ३,८४,९०० रुपये द्यायचे निघाले.

आमच्या बॅक ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये सेटलमेंट प्राइसचा जो बॉक्स होता तो वजाचं चिन्हच घेईना. की दाबली की काहीच होत नव्हतं, एरर पण नाही. कॉलवर सहा जण, शेवटी एकाने तात्पुरतं म्हणून २८८४ टाकून सेव्ह केलं, नंतर वजा करू म्हणाला. झालं, लाँगवाल्या प्रत्येक क्लायंटला लॉटमागे १,९१,९०० रुपये प्रॉफिट. एका क्लायंटला तो एसएमएस पण गेला. त्याला दुसऱ्या दिवशी खरा आकडा सांगणारा फोन मी केला होता, तो फोन मी अजून विसरले नाहीये.

अमेरिकेतही हेच झालं, एका मोठ्या ब्रोकरच्या सिस्टीमला उणे भाव समजत नव्हते, ग्राहकांना ऑर्डर टाकता येईना, मार्जिन चुकीचं लागलं, २०२१ मध्ये सीएफटीसीने १७.५ लाख डॉलर दंड ठोकला आणि ग्राहकांची भरपाई वेगळी. आणि नायमेक्स चालवणाऱ्या सीएमईने १५ एप्रिललाच, म्हणजे पाच दिवस आधी, उणे भावाची टेस्टिंग करायची सोय करून दिली होती. ते सर्क्युलर किती जणांच्या मेलबॉक्समध्ये अनरीड पडलं असेल देव जाणे. इकडे सेबीने सप्टेंबर २०२० मध्ये शून्याजवळच्या आणि उणे भावांसाठी वेगळी रिस्कची चौकट आणली, म्हणजे ज्यांना जागं व्हायचं ते झाले.

आता तुमच्यातलं कोणी म्हणेल की आमच्या टासला उणे आकडा चालतो, १० टिक खालीपर्यंत आम्ही टेस्ट केलंय. केलं असेल. पण उणे फरक आणि उणे भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना. सेटलमेंट उणे ३७.६३, फरक अधिक ०.०२, तर भाव उणे ३७.६१. मी एका टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये हे घालून बघितलं तर उत्तर आलं उणे ३७.६५, कारण कोणीतरी चिन्ह बाजूला काढून आकड्यांची बेरीज करून परत चिन्ह चिकटवलं होतं.

तात्पुरता भाव आणि फायनल भाव यांचंही तसंच. सेटलमेंटच्या मेसेजबरोबर एक्सचेंज प्रिलिमिनरी की फायनल हा फ्लॅग पाठवतं, तो टाकून देऊ नका, तो आमच्या कामाचा आहे. प्रिलिमिनरीवर भाव भरलात तर भरा, पण शेजारी तसं दिसू दे, आणि फायनल आला की परत भरा. भरताना आधीचं पुसू नका. फिल आलं तेव्हा +०.०२ आलं होतं, मग प्रिलिमिनरीवर हा भाव लागला, मग फायनलवर हा, तिन्ही ओळी वेळेसकट राहू देत. क्लायंट सहा महिन्यांनी भांडायला येतो तेव्हा मला तेवढंच लागतं. एका सॉफ्टवेअरमध्ये सेटलमेंट आली की जुनी फिलची किंमत ओव्हरराईट व्हायची, म्हणजे ट्रेडरने शून्याला घेतलं होतं की उणे दोनला हे शोधायला एक्सचेंजकडून ड्रॉप कॉपी (सौद्यांची वेगळी नक्कल) मागवावी लागली, नऊ दिवस गेले.

मग करायचं काय, तर माझ्या मते एकच काम आहे आणि बाकी त्याच्या मागे येतं. मुनिमाचा कोरा रकाना आणा. ऑर्डरमध्ये आणि फिलमध्ये फरक वेगळा ठेवा, भाव वेगळा, आणि सेटलमेंट येईपर्यंत भाव रिकामा राहू शकतो हे डेटाबेसपासून स्क्रीनपर्यंत मान्य करा. शून्य नको, लास्ट प्राइस नको, रिकामा. स्क्रीनवर सरळ लिहा "भाव ठरायचाय". एमटीएमच्या जागी त्या ४० लॉटपुढे आकडाच येऊ नये, फार तर आत्ता सेटलमेंट झाली असती तर काय याचा अंदाज राखाडी रंगात द्या, आणि त्या राखाडी आकड्यावर कुठलाही ऑटो लॉक बांधू नका. तुमच्या आर्किटेक्टला हे आवडणार नाही, मला माहितीये, नल (रिकामा रकाना) आला की पन्नास ठिकाणी कोड फुटतो, एकाने मला तोंडावर सांगितलंय की "प्राइस फील्ड नॉट नल आहे, ते बदलायचं म्हणजे सगळं रिग्रेशन परत". खरं आहे त्याचं. पण फुटू दे ना ती पन्नास ठिकाणं तुमच्याकडे, ऑफिसच्या वेळेत, कंपायलर ओरडेल, टेस्ट लाल होतील, तुम्ही दुरुस्त कराल. आत्ता ती पन्नास ठिकाणं फुटत नाहीत, गपचूप शून्य घेऊन पुढे जातात आणि रात्री ११:४१ ला माझ्या फोनवर येऊन फुटतात.

पोझिशनच्या खिडकीत पण तेच, सीएलचा जो माल भावासकट हातात आहे तो एका कॉलममध्ये, भाव ठरायचा आहे तो शेजारच्या कॉलममध्ये, आणि बेरीज तिसऱ्यात. तिसरा शून्य असला तरी पहिले दोन दिसतायत म्हणजे ट्रेडर पण फसत नाही आणि कंप्लायन्स पण.

टेस्टिंगवाल्यांना एक वेगळी विनंती. तुमची टासची टेस्ट केस मी बघितलीये, ऑर्डर टाका, फिल आलं, पास. दुपारी तीनला. त्यात सेटलमेंट येतच नाही! भाव भरला जातो का, दोन सिम्बॉल एक होतात का, तारीख कुठली लागते, फायनल बदलला तर काय, हे सगळं त्या "पास"च्या नंतर घडतं. सिम्युलेटरमध्ये सेटलमेंटचा मेसेज सोडायची सोय नसेल तर आधी ती बनवून घ्या.

नाहीतर असं करा, एकदा प्रत्यक्ष या. महिन्यातून एखाद्या रात्री तुमच्यातले दोघं-तिघं आमच्या डेस्कवर येऊन बसा, पावणेबाराला, रोल (चालू महिन्याचे सौदे पुढच्या महिन्यात सरकवणं) चालू असतो त्या दिवसांत आलात तर उत्तम, टासमध्ये तेव्हा गर्दी असते. खालचा चहावाला एकपर्यंत उघडा असतो, चहा माझ्याकडून. तुमची स्वतःची स्क्रीन माझ्या खुर्चीवरून बघा, काय विचारायचं ते विचारा, शिव्या घालायच्या तर त्याही घाला. फक्त ११:५८ ते १२ माझ्याशी कोणी बोलायचं नाही.

तुमची,
रात्रपाळीच्या सपोर्ट डेस्कवरची एक